दीडशे वर्षांनी दिसलेला ठिपका

कोंबडीचे अंडे सर्वांना दिसते, म्हणून त्याविषयी कोणी वाद घालीत नाही. परंतु गाईच्या, कुत्रीच्या आणि माणसाच्या आईच्या पोटीही बीज असते, ही गोष्ट डोळ्यांना दिसायला १८२७ साल उजाडावे लागले. तोवर शहाण्यासुरत्या माणसांनी स्त्रीला नुसती जमीन ठरवून टाकले होते. ग्रीकांचा ॲरिस्टॉटल म्हणे, आकार देणारा बाप. आई केवळ द्रव्य पुरविणारी. आपल्या मनुस्मृतीतही नारी म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज, अशीच वाटणी आहे. गंमत अशी, की पीक आले नाही तर दोष मात्र जमिनीचा! चुलतबहिणीच्या डोहाळजेवणात माझ्या आत्याला ओटी भरू दिली नाही, हे मी लहानपणी पाहिले आहे. तेव्हा हा इतिहास मी वाचू लागलो तो निव्वळ ज्ञानलालसेने, असे म्हणवत नाही.

रक्ताभिसरणाचा उलगडा करणारा विल्यम हार्वे हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा वैद्य. राजाला हरणांच्या शिकारीचा नाद. हार्वेने माजाच्या दिवसांनंतर हरणींची गर्भाशये एकामागून एक उघडून पाहिली. आठवडे लोटले तरी आत काही सापडेना. असे असूनही १६५१ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाच्या मुखचित्रात देव हातात अंडे घेऊन बसला आहे आणि त्यातून सगळी सृष्टी बाहेर पडते आहे. पुरावा नव्हता, पण श्रद्धा दांडगी!

पुढचे पाऊल हॉलंडातील डेल्फ्ट गावच्या राइनिअर द ग्राफने टाकले. अंडाशयावर पाण्याच्या फोडासारखी पुटके असतात, ती त्याने सशांत बारकाईने पाहिली. जितकी पुटके फुटलेली, साधारण तितकेच गर्भ पुढे आढळतात, हे त्याने मोजले आणि १६७२ साली लिहिले, की ही पुटके म्हणजेच अंडी. पण नळीतून उतरणारे गोळे पुटकाहून कितीतरी लहान होते. ती अडचण त्यालाही दिसली होती. तशात शोधाच्या मानावरून जुना सोबती स्वामरडाम याच्याशी भांडण जुंपले. १६७३ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, द ग्राफ वारला. त्या पुटकाला आजही त्याचेच नाव आहे.

अडचण सुटायला दीडशे वर्षांवर काळ गेला. प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याला योग्य अवस्थेतली कुत्री हवी होती. त्याचा सहकारी बुर्डाख याने आपली पाळलेली कुत्री दिली. (त्या मुक्या जिवाचे नाव कोणी नोंदविले असते तर बरे झाले असते.) बेअरला पुटकाच्या आत एक पिवळसर ठिपका दिसला. त्याने तो सुरीच्या टोकाने उचलून पाण्यात ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वीज अंगावर पडावी तसा मागे सरला. पुन्हा डोळा लावायला त्याला धीर एकवटावा लागला. पुटक म्हणजे अंडे नव्हे. ते घर, बीज आतला रहिवासी.

मग १८८३ साली बेल्जियमच्या एदुआर व्हान बेनेदेनने घोड्याच्या आतड्यातील जंतात दाखविले, की आईबापांकडून गुणसूत्रे सारखीच येतात. हिशेब चुकता झाला.

आता त्या घरात काय चालते ते पाहू. मुलीची बीजे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आजीने आपल्या उदरात नातवंडाचे बीजही वाहिलेले असते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाख असतात, जन्मवेळी दहा-वीस लाख उरतात आणि पिकून बाहेर पडतात ती आयुष्यभरात चारशेच्या आसपास. प्रत्येक बीज आपले विभाजन अर्ध्यावर थांबवून वर्षानुवर्षे बसते. भोवतालच्या पेशी थरावर थर चढवितात, बारीक धाग्यांवाटे त्याला पोसतात, मध्ये पाणी साचते आणि पुटक वीस मिलिमीटरपर्यंत फुगते. बीज मात्र मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढेच! ज्या पेशी पोसतात त्याच त्याला आवरूनही धरतात. मेंदूखालच्या ग्रंथीतून संप्रेरकाचा लोंढा आला, की बंधन सुटते. बीज अर्धी गुणसूत्रे एका चिमुकल्या पिंडात टाकून देते आणि सुमारे दीड दिवसात पुटक फुटते.

घर सोडले तर बीज आपण होऊनच पिकू लागते, हे अमेरिकेत पिंकसने १९३५ साली सशाच्या बीजांवर दाखविले. मानवी बीजाला मात्र बाराच तास पुरतात, असे त्याने नंतर सांगितले, आणि या एका आकड्याने इंग्लंडच्या रॉबर्ट एडवर्ड्सची वर्षे खाल्ली. बाराव्या तासाला तो पाही, तर बीज जसेच्या तसे! शेवटी त्याने वाट पाहण्याचे ठरविले, तेव्हा खरा आकडा निघाला छत्तीस-सदतीस तासांचा. हे त्याने १९६५ साली प्रसिद्ध केले. १९७८ च्या जुलैत ओल्डहॅम येथे जगातले पहिले परीक्षानळीचे बाळ जन्मले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजांनी ही किमया केली ती १९८६ च्या ऑगस्टात.

आत्या तेव्हा पन्नाशी ओलांडून गेली होती. गावच्या वैद्यापासून तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत सर्वांनी तिला तपासले होते. आतोबांना तपासावे असे कोणालाच सुचले नव्हते.