घड्याळाची चावी सैल झाली? नुसती चावी बदलून का भागत नाही

मनगटी घड्याळाच्या उजव्या कडेला असलेला, खाचा पाडलेला छोटा गोल भाग म्हणजे चावी. कंपन्यांच्या भाषेत तिला क्राउन म्हणतात. ही चावी ज्या बारीक धातूच्या नळीवर बसते, ती केस ट्यूब. नळीतून आत जाणारी पातळ दांडी म्हणजे स्टेम. ती चावीला घड्याळाच्या मशीनशी जोडते.

काच आणि मागचं झाकण एकदा बसवलं की ते हलत नाही. चावी मात्र सतत फिरवली जाते, ओढली जाते आणि पुन्हा दाबली जाते. त्यामुळे पाणी, घाम आणि धूळ आत शिरण्याची सर्वात सोपी वाट हीच असते.

'चावी' हे नाव का?

19व्या शतकाच्या मध्यापर्यंत खिशातल्या घड्याळांना खरोखरच वेगळ्या किल्लीने चावी द्यावी लागे. आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळकाराने 1840च्या दशकात किल्लीशिवाय, क्राउन फिरवून चालणारी रचना विकसित केली. किल्ली गेली, पण मराठीत नाव तेच राहिलं. पुढे 1926 मध्ये रोलेक्सने नळीवर आट्याने घट्ट बसणारी चावी असलेलं 'ऑयस्टर' बाजारात आणलं. चावी आणि नळी यांची जोडी नीट जमली तर पाणी अडवता येतं, हे त्यातून लोकांना पटलं.

आष्टीच्या हवेत काय होतं?

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी परिसरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. घामातलं मीठ चावीच्या खाचांत आणि नळीच्या तोंडाशी साचतं. त्यावर शेतातली बारीक माती बसते. हे मिश्रण पॉलिश पेपरसारखं काम करतं आणि चावी फिरवताना नळी आतून झिजवतं. चावीच्या आतली रबरी रिंगही उष्णतेने कडक होते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की काचेखाली वाफ दिसू लागते. तोवर उशीर झालेला असतो, कारण ओल आत गेली की दांडी आणि मशीनचे पोलादी भाग गंजायला लागतात.

अनेक घरांत वडिलांचं किंवा आजोबांचं एचएमटी अजून जपून ठेवलेलं असतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला हे उत्पादन सुरू झालं. कंपनीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 मध्ये झाला. अशा घड्याळाचं मशीन गंजलं तर नवीन मिळवणं कठीण. चावी आणि नळी वेळेत बदलणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

आधी मापं, मग खरेदी

चावी फक्त बाहेरून दिसायला सारखी असून चालत नाही. चार मापं जुळावी लागतात:

- चावीचा बाहेरचा व्यास आणि जाडी
- दांडीच्या आट्याचं माप (0.90 मिमी हे बरंच प्रचलित आहे)
- नळीचा बाहेर आलेला भाग आणि चावीच्या आतली पोकळी
- केसच्या छिद्राचा व्यास

नळी झिजलेली असेल आणि नवी चावी तिच्यावरच बसवली, तर रबरी रिंगला टेकायला गोल, गुळगुळीत पृष्ठभागच मिळत नाही. चावी नवी दिसते, पाणी मात्र पूर्वीसारखंच आत जातं.

काम कसं होतं?

1. मागचं झाकण उघडून दांडी सोडवली जाते. काही मशीनमध्ये त्यासाठी बारीक खटका दाबायचा असतो, तर जुन्या मशीनमध्ये छोटा स्क्रू किंचित सैल करायचा असतो. हा स्क्रू पूर्ण काढला तर डायलखालचा भाग सुटतो आणि काम वाढतं.

2. मशीन केसमधून बाहेर काढून झाकून ठेवतात. धातूचा कीस त्यात पडता कामा नये.

3. जुनी नळी काढतात. काही नळ्या दाबून बसवलेल्या असतात, तर काहींना आटे असतात. छिद्रातला जुना डिंक आणि गंज साफ करतात.

4. नवी नळी सरळ रेषेत दाबून किंवा फिरवून बसवतात. ती जरा जरी तिरकी बसली तरी दांडी एका बाजूला घासते. छिद्र मोठं झालं असेल तर ते रीमरने गोल करून त्याला शोभेल अशी जाड नळी घेतात. नुसता डिंक भरणं हा उपाय नव्हे.

5. नवी दांडी मुद्दाम लांब येते. ती थोडी थोडी कापून, कानशीने टोक सपाट करून, दर वेळी बसवून पाहावी लागते. लांब राहिली तर चावी केसपासून दूर उभी राहते. आखूड झाली तर चावी नळीला आधीच टेकते आणि दांडी मशीनमध्ये पूर्ण बसत नाही. जास्त कापली गेली तर बहुधा नवीच दांडी घ्यावी लागते.

6. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देतात. सगळं जुळल्यावरच चावीच्या आट्यात डिंकाचा अगदी लहान थेंब टाकतात.

आट्याच्या चावीत आत स्प्रिंग असते. तिच्या दांडीची लांबी चावी पूर्ण आवळल्यावर ठरवावी लागते.

चाचणी बादलीत नको

घड्याळ पाण्यात बुडवून पाहणं म्हणजे नुकसानाला आमंत्रण. हवेच्या दाबाच्या यंत्रात केस ठेवून पाणी न वापरता गळती तपासता येते. ही सोय नसेल, तर दुरुस्तीनंतर ते घड्याळ फक्त कोरड्या वापराचं मानावं. झाकणावर '3 एटीएम' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ पोहण्यासाठी असा होत नाही. हात धुताना उडणारे थेंब सोसण्यापुरताच तो दर्जा असतो, आणि तोही सर्व रबरी रिंग शाबूत असतील तरच.

दुकानात विचारण्याचे तीन प्रश्न

नळी झिजली आहे का? नव्या चावीत रबरी रिंग आहे का? काम झाल्यावर दाबाची चाचणी होईल का?

जुनी चावी, नळी आणि दांडी परत मागून घ्यावी. पुढच्या वेळी सुटा भाग दुसऱ्या गावाहून मागवावा लागला, तर तोच सर्वात खात्रीचा नमुना ठरतो.