‘बॉर्न फ्री’ : एका पोरक्या सिंहिणीची कथा आणि ‘मुक्त’ या शब्दाची व्याप्ती

रानातील पोरक्या पिलाला माणसाने वाढविल्याच्या कथा अनेक भाषांत आढळतात. परंतु तेच पिलू मोठे झाल्यावर त्याला पुन्हा रानाच्या स्वाधीन करण्याची, आणि तीही प्रत्यक्ष घडलेली, कथा विरळाच. १९६६ साली प्रदर्शित झालेला ‘बॉर्न फ्री’ हा जेम्स हिल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट अशा एका कथेवर आधारलेला आहे. लहानथोरांनी एकत्र बसून पाहावयाचा चित्रपट म्हणून त्याची ख्याती झाली आणि त्यातील संगीतास व गीतास ऑस्कर पारितोषिकेही लाभली. तथापि त्याच्या नावातील ‘मुक्त’ या अर्थाचा शब्द कोणाकोणाला लागू पडतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

मूळ घटना केनियातील आहे. उत्तर प्रदेशातील इटावा येथे १९०६ साली जन्मलेले जॉर्ज ॲडमसन हे केनियाच्या उत्तर सरहद्द प्रांतात वन्य पशू खात्याचे अधिकारी होते. १ फेब्रुवारी १९५६ रोजी एका नरभक्षक सिंहाच्या शोधात असताना अंगावर चालून आलेल्या सिंहिणीस त्यांनी गोळी घातली. ती पिलांची आई होती, हे मागाहून ध्यानात आले. खडकाच्या कपारीत सापडलेल्या तीन बछड्या त्यांनी घरी आणल्या. त्यांच्या पत्नी जॉय यांनी त्यांचे संगोपन केले. त्यांपैकी दोघींची रवानगी नेदर्लंड्समधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात झाली. सर्वांत लहान एल्सा तेवढी मागे राहिली. जॉय यांनी १९६० साली लिहिलेल्या पुस्तकामुळे ती जगप्रसिद्ध झाली.

येथे ‘पोरके’ या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. मराठीत मूल पोरके ‘होते’. या प्रयोगात कर्ता लुप्त असतो. एल्सा पोरकी झाली असे म्हटले म्हणजे तिला पोरके कोणी केले, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. चित्रपटाने गोळीची घटना लपविलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पुढील वात्सल्याच्या चित्रणात तिचा विसर पडतो. वस्तुतः मारणारा हात आणि वाढविणारे घर एकाच खात्याचे होते. माणसांच्या रक्षणार्थ पशू मारणे आणि पशूंचे रक्षण करणे ही दोन्ही कामे त्या काळी एकाच अधिकाऱ्याकडे असत. एल्साची कथा या दुहेरी कर्तव्यातूनच उद्भवली आहे.

दुसरा शब्द ‘माणसाळणे’ हा होय. पशू माणसाच्या सहवासाने माणसासारखा होतो, असे हे क्रियापद सुचविते. याच्या उलट क्रियेस मराठीत रूढ असा एक शब्द नाही. ॲडमसन दांपत्याने नेमकी तीच उलट क्रिया हाती घेतली. आईकडून मिळावयाचे शिकारीचे शिक्षण एल्सास मिळाले नव्हते. ते तिला मोठ्या कष्टाने संपादावे लागले. पहिला प्रयत्न फसला, ती आजारी पडली. पुढे मेरू भागात ती स्थिरावली. डिसेंबर १९५९ मध्ये रानातील नरापासून तिला तीन पिले झाली. २४ जानेवारी १९६१ रोजी गोचिडांपासून होणाऱ्या बॅबेसिया रोगाने ती मरण पावली. तिची पिले वस्तीतील जनावरांवर हल्ले करू लागल्यामुळे त्यांना त्याच वर्षी सेरेंगेटीत नेऊन सोडावे लागले. रानाच्या कडेला माणसांची गुरे होती, ही गोष्ट येथे पुन्हा समोर येते.

या काळाचा दुसराही एक इतिहास आहे. केनियात ऑक्टोबर १९५२ पासून जानेवारी १९६० पर्यंत आणीबाणी जारी होती. माऊ माऊ उठावाच्या निमित्ताने हजारो आफ्रिकी लोक छावण्यांत डांबले गेले. ३ मार्च १९५९ रोजी होला येथील छावणीत ११ बंदिवानांना मारहाणीत प्राण गमवावे लागले. त्याच सुमारास एल्सास स्वातंत्र्य देण्याची खटपट चालू होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि एकाच राजवटीखालील एकाच देशात त्या घडल्या. ‘उहुरू’ या स्वाहिली शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. तो शब्द त्या वर्षांत राजकीय सभांचा घोष झाला होता. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि त्यानंतर तेथेच चित्रपटाचे चित्रीकरण झाले. पडद्यावर मात्र त्या स्थित्यंतराचा मागमूस नाही. आफ्रिकी माणसे तेथे बहुधा सेवकांच्या भूमिकेत वावरतात.

चित्रपटाच्या पटकथेवर जेराल्ड कॉप्ली हे नाव आहे. ते टोपणनाव असून लेखक लेस्टर कोल होते. साम्यवादी असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने ज्या दहा जणांना प्रथम बहिष्कृत केले, त्यांतील ते एक. मुक्तीची कथा लिहिणाऱ्यास स्वतःच्या नावाने लिहिण्याची मोकळीक नव्हती!

चित्रीकरण संपल्यावर त्यातील बहुतेक सिंह प्राणिसंग्रहालयांकडे गेले. ‘बॉय’, ‘गर्ल’ व ‘उगास’ हे तीन जॉर्ज यांना मिळाले. त्यांनी त्यांना मेरूत नेले. १९७१ साली बॉयने जॉर्ज यांच्या एका आफ्रिकी सहायकाचा जीव घेतला, तेव्हा जॉर्ज यांनीच त्यास गोळी घातली. १९५६ च्या गोळीची ही पुनरावृत्ती म्हणावी लागते. माणसाची भीती गेलेला पशू रानात सोडावा काय, हा वाद यामुळे तीव्र झाला. जॉय यांची १९८० साली व जॉर्ज यांची १९८९ साली केनियातच हत्या झाली.

चित्रपटाचे फळ मात्र तेवढेच नाही. त्यातील प्रमुख कलावंत व्हर्जिनिया मॅकेना व बिल ट्रॅव्हर्स यांनी पुढे ‘पोले पोले’ (स्वाहिलीत ‘सावकाश’) नावाच्या एका हत्तीच्या पिलाबरोबर चित्रपट केला. ते पिलू नंतर लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि १९८३ साली तेथेच मरण पावले. त्यानंतर १९८४ साली या उभयतांनी प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारी चळवळ सुरू केली. तीच पुढे ‘बॉर्न फ्री’ या नावाने संस्थारूप झाली.

सारांश, एल्सा जन्मतः मुक्त होती, माणसाने तिला पोरके केले आणि माणसानेच तिला मुक्ती परत दिली. तिच्या दोन बहिणींच्या वाट्याला ती आली नाही, बॉयच्या वाट्याला आली ती अपुरी, आणि होलाच्या बंदिवानांची तर या कथेत गणनाच नाही. ‘मुक्त’ या शब्दाचा पूर्ण अर्थ लावावयाचा तर या सर्वांचा जमाखर्च एकत्र मांडावा लागतो.