धरण आपल्या तालुक्यात, नळ मुंबईत : मधल्या वाटेत पाणी शुद्ध कसं होतं?

मुंबई शहर आणि उपनगरांना रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. ते सात तलावांतून येतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. तानसा, मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा हे बाकीचे पाच शहापूर, वाडा, मोखाडा, इगतपुरी या पट्ट्यात. उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या पाड्यांवर टँकर येतो आणि पहिल्या पावसानंतर इथल्याच विहिरींच्या पाण्यानं जुलाब-उलट्यांची साथ लागते. धरणाच्या पाण्यावर भांडुपला काय करतात हे कळलं, तर गावच्या विहिरीचं काय करायचं तेही कळतं.

भांडुपला काय होतं?

मुलुंडच्या अलीकडे भांडुपला महापालिकेचं मोठं जलशुद्धीकरण केंद्र आहे. भातसाचं बरंच पाणी भिवंडी तालुक्यातल्या पांजरापूरला शुद्ध होतं. पद्धत दोन्हीकडे तीच. आधी पाण्यात तुरटीच्या जातीचं औषध मिसळतात. गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. त्यांना चिकटलेले बरेच जंतूही खाली जातात. मग पाणी वाळूच्या थरातून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात.

हा क्रम उलटा चालत नाही. पाणी गढूळ असलं तर क्लोरीन गाळातच खर्च होतो आणि जंतू वाचतात. म्हणून पावसाळ्यात विहिरीत नुसती टीसीएल पावडर फेकून भागत नाही.

पाणी चांगलं की वाईट, कसं ओळखतात?

पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू एकेक शोधत बसणं परवडत नाही. म्हणून प्रयोगशाळेत ई-कोलाय हा जंतू बघतात. तो माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली, एवढं नक्की. पिण्याच्या १०० मिली पाण्यात तो एकही सापडता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं.

गावात एच-टू-एस बाटलीनं तपासणी होते. पाणी भरून बाटली ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही.

वापरलेलं पाणी जातं कुठे?

घाटकोपर, भांडुप आणि अंधेरीजवळच्या वर्सोव्याला सांडपाण्याची मोठी तळी आहेत. त्यात यंत्रानं हवा घुसळतात. तिथे खरं काम जिवाणू करतात. हवा मिळाली की ते पाण्यातली घाण खातात, वाढतात, त्यांचे गोळे होऊन तळाशी बसतात. हा गाळ पुन्हा वापरून सांडपाणी साफ करण्याची रीत १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला निघाली.

हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. बाटलीतलं पाणी काळं करतो तोच हा वायू. विहार-पवईकडून निघून अंधेरीच्या साकीनाक्याजवळून जाणाऱ्या मिठी नदीला जो वास येतो, तोही याच कारणानं. मात्र हे बिनहवेचे जिवाणू निरुपयोगी नाहीत. गोबरगॅसची टाकी त्यांच्यावरच चालते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ सालीच मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये मालाड, भांडुप, वर्सोवा, घाटकोपर, वांद्रे, धारावी आणि वरळी अशा सात नव्या सांडपाणी प्रकल्पांचं भूमिपूजन झालं. सातही मिळून क्षमता रोज सुमारे २४६ कोटी लिटरची.

शुद्ध पाणी पुन्हा कसं बिघडतं?

नळ बंद झाला की पाइपातला दाब उतरतो. पाइप फुटका असेल आणि शेजारी गटार असेल, तर घाण आत ओढली जाते. चाळीत हेच होतं आणि ग्रामपंचायतीच्या नळयोजनेतही हेच होतं. म्हणून शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती यासाठीच. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

दुसरा धोका लेप्टोचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला आणि पुरानंतर उपनगरांत लेप्टोची साथ आली. हा जंतू उंदराच्या, जनावराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शिरतो. भातलावणीच्या चिखलातही तोच धोका आहे. जखम झाकावी. ताप आला, पोटऱ्या दुखल्या की अंगावर काढू नये, आरोग्य केंद्रात जावं.

विहिरीला टीसीएल किती?

- विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यास × व्यास × खोली × ७८५ = लिटर.
- स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला १००० लिटरमागे किमान २.५ ग्रॅम चांगली पावडर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. आरोग्य सेवकाला विचारून ठरवा.
- पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या. वरचं पाणीच विहिरीत सोडून ढवळा.
- एक तास पाणी काढू नका. मग ओटी टेस्ट करा.
- पावडरची पिशवी उघडी, ओलीत ठेवू नका. तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग मापाचा उपयोग नाही.
- साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्या. क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू उकळल्यावर मरतात.

पाणीस्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे आणि पावडरचा साठा किती आहे, हे पावसाआधीच्या ग्रामसभेत विचारायचा प्रत्येक गावकऱ्याला हक्क आहे.