श्रोणिभंग, वार्धक्यातील

हाडे विरळ झाल्याने, न्हाणीघरात घसरण्यासारख्या किरकोळ आघातानेही वृद्धांच्या श्रोणीला होणारा अस्थिभंग. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांत तो अधिक आढळतो. जघनास्थीचा भंग बहुधा एक्स-रेत दिसतो; मागील त्रिकास्थीची भेग मात्र अनेकदा निसटते, म्हणून सीटी स्कॅन वा एमआरआय करावा लागतो. रोमेन्स व हॉफमान यांनी २०१३ मध्ये अस्थैर्यानुसार या श्रोणिभंगाचे चार प्रकार केले.

स्थिर भंगात वेदनाशमन, लवकर चालवणे व हाडांच्या विरळतेवरील औषधे बहुधा पुरतात. अस्थिर भंगात लहान छेदातून स्क्रू बसवतात. मज्जातंतूंलगतचा स्क्रूचा मार्ग अरुंद असतो. रोबोटिक पद्धतीत त्रिमितीय प्रतिमांवरून तो आखतात. यांत्रिक हात मार्गदर्शक नळी त्या रेषेत धरतो, तार व स्क्रू मात्र शल्यविशारदच घालतो. या पद्धतीने स्क्रू अचूक बसण्यास मदत होते. हाडाची विरळता मात्र तिने बरी होत नाही.

पडल्यानंतर जांघ वा कंबर दुखत राहिल्यास, एक्स-रे निर्दोष असला तरी, वृद्धांची पुन्हा तपासणी आवश्यक ठरते.