माळव्यातील सेवा आणि एक कायदा

उज्जैन म्हटले की मराठी माणसाला महाकाल आठवतो, क्षिप्रेचा घाट आठवतो. इतिहासाची आवड असेल तर बायजाबाई शिंद्यांनी उभारलेले गोपाळमंदिरही आठवते. या नगरीत एका ख्रिस्ती धर्मप्रांताचे पीठ आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. २९ जुलै १९६८ रोजी इंदूरच्या धर्मप्रांतातून उज्जैनचा प्रदेश वेगळा काढून केरळातील सिरो-मलबार परंपरेच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आला. जॉन पेरुमट्टम हे त्याचे पहिले प्रमुख.

त्याच वर्षी, गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री असताना, मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. बळजबरीने, फसवणुकीने किंवा प्रलोभनाने केलेले धर्मांतर गुन्हा ठरले. प्रलोभनाची व्याख्या बरीच व्यापक होती. पैसा, वस्तू, कोणताही ऐहिक लाभ तीत येत असे. मग तापाने फणफणलेल्या मुलाला दिलेले औषध कोणत्या सदरात घालावयाचे?

या कायद्यामागील संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर जिल्ह्यात चर्चमध्ये येणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली होती, आणि ही वाढ श्रद्धेची किती व भुकेची किती, हा प्रश्न पुढे सुटला नाही. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून होणारा उपयोग कायद्याने बंद करावा, अशी शिफारसच केली होती.

केरळातून आलेल्या या सेवकांना हिंदी आणि माळवी बोली शिकण्यापासून आरंभ करावा लागला. उज्जैन, शाजापूर, राजगढ या जिल्ह्यांत शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. उज्जैन शहरात पुष्पा मिशन हॉस्पिटल उभे राहिले. कित्येक दशकांनंतरही लाखोंच्या वस्तीत तेथील कॅथलिकांची संख्या काही हजारांपलीकडे गेलेली नाही. धर्मप्रसाराच्या हिशेबाने याला कोणी अपयश म्हणेल. पण औषध घेऊन आपल्या घरी, आपल्या देवाकडे परत गेलेल्या रोग्यांचा हिशेब त्या आकड्यात कसा यावा?

१७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा तो निर्णय. त्यानंतर चाळीस दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, उज्जैनला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

उज्जैन विभागातीलच देवास जिल्ह्यात, परंतु इंदूरच्या धर्मप्रांतात, उदयनगर हे गाव आहे. १९९२ मध्ये तेथे सिस्टर राणी मारिया आल्या. त्यांनी औषधापेक्षाही अवघड काम हाती घेतले. आदिवासी शेतकऱ्यांना त्यांनी बँकेच्या कर्जाची वाट दाखविली, आणि सावकाराच्या वहीतील नावे कमी होऊ लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून ठार मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याच्या सुटकेसाठी मारियांच्या कुटुंबीयांनीही संमती दिली, आणि २००६ मध्ये तो सुटला.