जोत्याखालची हवा

उपनगरात घर बांधायला काढलं की पहिला वाद जोत्यावरून होतो. नकाशात एक उंची असते, शेजारचा रस्ता दर डांबरीकरणाला वर येत असतो, मालकाला भरावाचा खर्च वाचवायचा असतो आणि मिस्त्रीला पावसाचं पाणी कुठे शिरणार ते आधीच दिसत असतं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, बोरिवली इथल्या साइटवर माझी नोकरी झाली. त्या सगळ्या काळात इमारतीच्या एका भागाबद्दल मला सर्वांत जास्त आस्था वाटत आली, तो म्हणजे जमिनीपासून पहिल्या लादीपर्यंतचा हात-दीड हात. घराचा जमिनीशी काय व्यवहार राहणार, ते इथे ठरतं. खालून काय वर येऊ द्यायचं नाही याची यादी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. ओल, साप-विंचू, घूस, वाळवी, पुराचं पाणी. त्या यादीत आता एक वायूही घालायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याचं नाव रेडॉन.

त्याला रंग नाही, वास नाही. खडकात आणि मातीत युरेनियम अंशमात्र असतंच. त्यापासून पायरीपायरीने रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू. 3.8 दिवसांत तो निम्मा होतो, आणि विघटन होताना मागे पोलोनियमसारखे घन कण सोडतो. ते धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात आणि तिथे किरणोत्सर्ग करतात. उघड्यावर हा वायू वाऱ्यात विरून जातो. बंद खोलीत साठतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सांगितलं की घरातल्या हवेत तो घनमीटरला 100 बेकरेलच्या आत असावा, आणि ते जमलंच नाही तर निदान 300 च्या वर जाऊ नये. 100 बेकरेल म्हणजे एक घनमीटर हवेत दर सेकंदाला शंभर अणूंचं विघटन.

मुंबईत याची चर्चा फारशी झाली नाही, त्याचं पहिलं कारण आपल्या पायाखाली आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे उभे खांब, दोनशे फूट उंच, आणि आता चारी बाजूंनी इमारतींचा वेढा. हा बसाल्ट, आपला काळा पाषाण. त्यात युरेनियमचं प्रमाण साधारणपणे दहा लाखांत एक भागही नसतं. ग्रॅनाइटमध्ये ते तीन-चार भाग सहज भरतं. भंडारा-गोंदियाकडे जिथे हा काळा दगड संपून ग्रॅनाइट आणि नीस सुरू होतात, तिथला हिशेब निराळा. उपनगरातही सगळीकडे एकच दगड नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. मालाडचा पिवळसर दगड ट्रॅकाइट जातीचा आहे. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याच्या करड्या बसाल्टशेजारी तो बसवलेला दिसतो. सिलिका जास्त असलेल्या अशा खडकांत युरेनियम सहसा बसाल्टपेक्षा अधिक असतं.

दुसरं कारण मोकळी हवा. बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी ही उपनगरातली सर्वांत जुनी राहती जागा म्हणायला हरकत नाही. शंभरावर लेणी, शतकानुशतकं भिक्षूंची वस्ती. खडकाच्या पोटात राहायचं, पण प्रत्येक विहाराला ओसरी, पुढे मोकळं अंगण, बसायला दगडी बाक, बाजूला पाण्याचं टाकं. माणूस खडकात राहत होता तरी हवा कोंडलेली नव्हती. मरोळ, कोंडिविटे, आंबोलीच्या गावठाणांतली ईस्ट इंडियन आणि कोळी-आगरी घरंही याच समजुतीची. बाहेरून घडीव काळ्या दगडाचं जोतं, चुन्याच्या दर्जा, आत मुरूम-मातीचा धुमसलेला भराव, त्यावर शेणाचं सारवण. जमिनीची हवा या सारवणातून वर येत असणारच, ती अडवणारं मध्ये काही नव्हतंच. पण वर मंगलोरी कौलं होती, आणि कौलांच्या फटींतून घर दिवसरात्र श्वास सोडत असे. घर जमिनीला खुलं होतं आणि आभाळालाही खुलं होतं.

हे बदललं ते प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, आणि काही महिन्यांत शहराची जमीनच संशयित झाली. पथकं घरात शिरून मातीच्या जमिनी खणून काढत, जंतुनाशक ओतत, भिंतींना चुना फासत. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. पुढे परळच्या प्रयोगशाळेत उंदरावरच्या पिसवेचा दोष सिद्ध झाला, तेव्हा घराखालची पोकळी, बीळ, पोखरलेला भराव या गोष्टी आरोग्य खात्याच्या विषय झाल्या. माणसं मोकळ्या हवेसाठी साष्टीकडे, म्हणजे आजच्या उपनगरांकडे, सरकू लागली. 1 ऑक्टोबर 1920 ला मुंबई उपनगर जिल्हा झाला. 1922 मध्ये मुलुंडला क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी झवेरभाई रामजी कंपनीसाठी काटकोनी रस्त्यांची आखणी केली. स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंतचे ते सरळ रस्ते आजही त्या कागदाला जागून आहेत. अशा वसाहतींत घर म्हणजे पक्कं जोतं, पक्की जमीन आणि चारी बाजूंनी सोडलेली जागा. शहरातल्या कोंदट चाळीत जे भोगलं ते पुन्हा नको, ही इच्छा त्या नकाशांत मला फार स्पष्ट दिसते.

पक्की जमीन म्हणजे काय, ते मात्र नकाशात दिसत नाही, ते साइटवर बघावं लागतं. पाया भरून झाला की आत मुरमाचा भराव, पाणी मारून धुमसलेला. त्यावर रबल सोलिंग. नऊ इंची काळे दगड आडवे टाकायचे नाहीत, हाताने उभे रचायचे, एकमेकांना खेटून. मधल्या फटींत हातोडीने चिपा ठोकायच्या. मग वरून बारीक मुरूम पसरायचा, पाणी सोडायचं, पुन्हा धुमस. त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, आणि मग लादी. माझ्या सुरुवातीच्या काळात ती शहाबादी असे, पुढे मोझेइक, आता व्हिट्रिफाइड. भांडुपच्या एका कामावर वडार समाजातले एक वयस्क मिस्त्री होते. सोलिंगचा दगड हातात फिरवून त्याची बसकी बाजू ते एका नजरेत ओळखत. मी एकदा त्यांना विचारलं, "मिस्त्री, या फटी रिकाम्या ठेवल्या तर?" ते म्हणाले, "मॅडम, पोकळी ठेवली की दोन पावसाळ्यांत लादी खचेल. आणि खचली नाही तर उंदीर राहील." त्यांच्या दोन वाक्यांत प्लेगनंतरच्या सगळ्या वर्षांचं शहाणपण होतं.

वाळवीचं औषधही याच टप्प्याला. भारतीय मानक 6313 सांगतं की लादीखालच्या भरावावर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण, आणि पायाच्या उभ्या बाजूला 7.5 लिटर. आधी त्यासाठी आल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन वापरत. 1996 मध्ये त्यांवर बंदी आल्यावर क्लोरपायरिफॉस आलं. घरातली माणसं ज्या जमिनीवर झोपणार तिच्याखाली आपण काय ओततो, याचा विचार त्या निमित्ताने साइटवर पहिल्यांदा झाला. औषधाची मात्रा लिहिलेली आहे, जोत्याची किमान उंची राष्ट्रीय बांधकाम संहितेत 450 मिलिमीटर लिहिलेली आहे. नकाशा मंजुरीच्या कोणत्याही अर्जात रेडॉनचा रकाना मात्र मला कधी भरावा लागला नाही.

जिथे तो रकाना आला, तिथे एका माणसामुळे आला. पेन्सिल्वेनियात लिमरिकचं अणुवीज केंद्र बांधलं जात होतं. डिसेंबर 1984 मध्ये स्टॅन्ली वॉट्रास हा तिथला अभियंता कामावर येताना किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दारातून गेला आणि गजर वाजला. किरणोत्सर्ग तो घरून अंगावर घेऊन येत होता. त्याच्या घरात लिटरला सुमारे 2,700 पिकोक्युरी रेडॉन निघाला, म्हणजे घनमीटरला जवळजवळ एक लाख बेकरेल. तिथे थंडीत घर तापवतात. तापलेली हवा वर जाते, तळघरात दाब कमी होतो आणि घर जमिनीतली हवा ओढून घेतं. त्यानंतर तिकडे नव्या घरांसाठी एक पद्धत बसली. लादीखाली चार इंच स्वच्छ खडी, बारीक माल नसलेली, म्हणजे वायू आडवा फिरू शकेल. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, सांधे एकावर एक चढवून. मग काँक्रीट. भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटी सीलबंद. आणि खडीतून निघून घरातून सरळ छपरावर जाणारा एक पाइप, म्हणजे वायू लादीतून न येता आभाळात जावा. गरज पडलीच तर त्या पाइपाला पुढे पंखा लावता येतो.

हे वाचलं तेव्हा मला त्या मिस्त्रींचं सोलिंग डोळ्यांसमोर आलं. थर तोच, जागा तीच, पण काम नेमकं उलटं. आपण फटी बुजवतो, ते फटी राखतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे. आपल्याला उंदीर आणि खचण यांची भीती होती, त्यांना वायूची. स्वच्छ खडी नीट दाबून घेतली तर ती खचत नाही आणि उंदरालाही थारा देत नाही, हे इथल्या कुठल्याही चांगल्या मुकादमाला पटवता येईल.

मोजणाऱ्यांची तर आपल्याकडे कधीच वाण नव्हती. घाटकोपरच्या डोंगरावरून दक्षिणेला पाहिलं की ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या घरांत रेडॉन मोजला. त्यांची दोन कप्प्यांची डबी मी हातात घेऊन पाहिली आहे, साधी प्लास्टिकची, पेल्याएवढी. आत तीन सेंटिमीटरचे लालसर फिल्मचे तुकडे. एका कप्प्याच्या तोंडाला पातळ पडदा असतो. रेडॉनचाच भाऊ थोरॉन, तो मिनिटाभराच्या आत निम्मा होतो, म्हणून पडदा ओलांडेपर्यंत संपतो. रेडॉन आत पोचतो. डबी घरात तीन महिने टांगून ठेवायची. मग फिल्म 60 अंशांच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवली की जिथे जिथे अल्फा कण आदळला तिथे बारीक भोक पडतं, आणि त्या भोकांतून ठिणग्या पाडून ती मोजतात. वीज लागत नाही, आवाज नाही. कुठल्याही घरात खिळ्याला टांगता येते.

दरम्यान उपनगरातली मोठी घरं जमिनीवरून उठून गेली. नव्वदच्या दशकापासून स्टिल्टवरच्या इमारती सर्वत्र झाल्या. खाली गाड्या, वर माणसं, मध्ये चारी बाजूंनी वारा. जमिनीतल्या वायूपासून याहून चांगलं संरक्षण नाही, आणि ते पार्किंगसाठी आपोआप मिळालं. तळघरातल्या पार्किंगला धुरासाठी तासाला सहा वेळा हवा बदलावी लागते, त्यातही रेडॉन जातो. वरच्या मजल्यांवर प्रश्न उरतो तो भिंतींच्या मालाचा आणि बंद खिडक्यांचा. खतकारखान्यातल्या फॉस्फोजिप्समचंच बघा. खनिज फॉस्फेटातून त्यात रेडियम येतं. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने त्याचे भिंतफलक बनवायला घेतले. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या 2009 च्या निर्देशाने अशा मालातल्या रेडियमला ग्रॅममागे 1 बेकरेलची रेघ घातली. घराच्या मालाला अशी रेघ घालता येते, तर जमिनीलाही घालता येईल.

कारण जमिनीवर राहणारे अजून लाखो आहेत. असल्फा, भटवाडी, पार्कसाइट इथे डोंगर कापून बांधलेल्या बैठ्या चाळी आहेत. दहा बाय बाराची खोली, मागची भिंत थेट कापलेल्या खडकाला टेकलेली, दार एक, खिडकी असलीच तर गल्लीकडे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर अनेकांनी जुन्या लादीवर भराव टाकून नवी लादी घातली, छत खाली आलं, पोटमाळा झाला. आता उकाडा सोसत नाही म्हणून एसी येतो आणि खिडकी विटांनी बुजते. बसाल्टने आणि कौलांनी मिळून जे सांभाळलं होतं त्यातलं अर्धं आपण काढून टाकलं आहे. ट्रॉम्बेच्या डब्या टांगायच्या तर सर्वांत आधी या खोल्यांत टांगाव्यात. आकडे कमी आले तर उत्तमच. पण ते मोजलेले असावेत.

माझ्या मावशीच्या भटवाडीतल्या खोलीची जमीन नव्याने करायची होती. मी सोलिंगवर मुरमाऐवजी धुतलेली खडी घ्यायला सांगितली, तिच्यावर जाड प्लास्टिक, पीसीसी, मोरीच्या आणि नळाच्या पाइपाभोवती नीट भरून घेतलेला सिमेंटचा काठ. आणि खडीतून निघणारा चार इंची पीव्हीसी पाइप कोपऱ्यातून वर, पत्र्याबाहेर. पाइप तेव्हाच टाकला म्हणून खर्च किरकोळ झाला. नंतर टाकायचा तर लादी फोडावी लागते.

"प्लास्टिक कशाला गं?" मावशी म्हणाली.

"ओल वर येणार नाही."

"मग टाक. आणि तो पाइप?"

मी तिला वायूचं सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि पाइपाच्या तोंडाला जाळी बसवायला सांगितली, उंदीर येऊ नये म्हणून. पुढे चाळीतल्या दोन शेजाऱ्यांनी जमिनी केल्या, तेव्हा त्यांनी प्लास्टिक घातलं. पाइपासाठी त्यांच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.