हे तुला कुणी सांगितलं?

प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागला, खोक पडली. पुढे झोपेत वीर्यस्खलन झालं. म्हणजे नमाजाआधी गुसल, अंगभर स्नान, करणं आलं. त्यानं सोबत्यांना विचारलं, पाण्याऐवजी तयम्मुम केलं तर चालेल का? म्हणजे स्वच्छ मातीवर हात टेकवून ते तोंडावरून आणि हातांवरून फिरवायचे. सोबती म्हणाले, पाणी हाताशी आहे, तेव्हा तुला सवलत नाही. त्यानं स्नान केलं आणि तो मेला.

अबू दाऊद (मृत्यू इ. स. ८८९) यांच्या ‘सुनन’ या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या हकिकतींच्या संग्रहात, शुद्धतेच्या प्रकरणात ही हकीकत येते. प्रेषितांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते संतापले. त्या सोबत्यांनीच त्याला मारलं, असं ते म्हणाले. माहीत नव्हतं तर विचारायचं होतं, न कळण्यावर विचारणं हाच उपाय आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. इस्लाममध्ये धर्माबद्दल न जाणता बोलण्याचा धोका सांगताना आजही ही हदीस पुढे येते.

तिच्याकडे कागदपत्र म्हणून पाहिलं तर दोन पाठ दिसतात. एक जाबिर यांच्या नावावर, दुसरा इब्न अब्बास यांच्या नावावर; दोघंही प्रेषितांचे सहवासी. जाबिर यांच्या पाठात शेवटी एक जास्तीचं वाक्य आहे: जखमेवर पट्टी बांधून वरून ओला हात फिरवला असता तरी भागलं असतं, अशा अर्थाचं. इब्न अब्बास यांच्या पाठात ते नाही. हा लांब पाठ ज्याच्यामार्फत आला तो जुबैर इब्न खुरैक हा निवेदक भक्कम नाही, असा शेरा दहाव्या शतकातले हदीसतज्ज्ञ दारकुत्नी यांनी मारून ठेवला आहे. पट्टीचं वाक्य त्यामुळे डळमळतं, आणि त्यावर उभी असलेली कायदेपंडितांची चर्चाही. पण चुकीचं उत्तर, स्नान, मृत्यू आणि प्रेषितांचा संताप, एवढा गाभा दोन्हीकडे सारखा आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की उत्तर देणारे भोंदू नव्हते. ते प्रेषितांचे सहवासी होते आणि त्यांनी सांगितलेला नियमही खोटा नव्हता: पाणी असताना तयम्मुम नाही. मात्र कुराणात जिथे तयम्मुमची परवानगी आहे तिथे पाणी न मिळण्याबरोबरच आजाराचाही उल्लेख आहे. त्यांना नियमाचा अर्धाच भाग ठाऊक होता, आणि तो त्यांनी ठामपणे सांगितला.

आठव्या शतकातल्या मदिनेतून याच्या उलट टोकाची हकीकत येते. सहा महिन्यांची वाट तुडवून एक माणूस गावकऱ्यांचा प्रश्न घेऊन इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांच्याकडे आला. मालिक म्हणाले, मला हे नीट येत नाही. गावी जाऊन काय सांगू, असं त्यानं विचारलं, तर म्हणाले, मालिकला माहीत नाही असं सांग. दुसऱ्या एका हकिकतीत त्यांना ४८ प्रश्न विचारले गेले आणि ३२ प्रश्नांना त्यांनी ‘मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं. हे आकडे तंतोतंत धरायची गरज नाही. पुढच्या पिढ्यांनी त्यांच्या पांडित्याबरोबर त्यांचा नकारही इतक्या कौतुकानं जपला, हीच त्यातली नोंद घेण्याजोगी गोष्ट.

पण मशिदीत जमलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ हे ऐकायचं नसतं, त्याला गोष्ट ऐकायची असते. ती पुरवणारा वर्ग अगदी सुरुवातीपासून होता. अरबीत त्याला कास म्हणत, अनेकवचन कुस्सास. आपण त्यांना कथेकरी म्हणू. तमीम अद्-दारी यांनी खलीफा उमर यांच्याकडे कथा सांगायची परवानगी मागितली, अशी परंपरा आहे. दुसऱ्या एका प्रसिद्ध हकिकतीत प्रेषितांचे जावई अली मशिदीत कथेकऱ्याला पाहतात आणि कुराणातल्या कोणत्या आज्ञेनं कोणती आधीची आज्ञा रद्द झाली हे ठाऊक आहे का, असं विचारतात. तो नाही म्हणतो. अली म्हणतात, तू स्वतः बुडालास आणि दुसऱ्यांनाही बुडवलंस. हाच संवाद जवळपास जसाच्या तसा इब्न अब्बास यांच्या तोंडीही सापडतो. एकच संवाद दोन थोरांच्या नावावर दिसला की तो प्रत्यक्ष कुणाचा हा प्रश्न बाजूला ठेवून, तो कुणाला हवा होता हे पाहावं. हवा होता तो पंडितांना.

कारण कथेकऱ्यांबद्दल आपल्या हाती असलेलं जवळजवळ सगळं साहित्य पंडितांनी, त्यांच्या विरोधात लिहिलेलं आहे. म्हणून बसऱ्याच्या जाहिझ यांची (मृत्यू इ. स. ८६८-६९) साक्ष मोलाची. मूसा नावाच्या एका कथेकऱ्याचं वर्णन ते करतात. त्याच्या उजव्या हाताला अरब बसत, डाव्या हाताला फारसी बोलणारे. तो कुराणातली आयत वाचायचा, उजवीकडे वळून अरबीत तिचा अर्थ सांगायचा, मग डावीकडे वळून फारसीत. कोणत्या भाषेत तो अधिक वाकबगार, हे कुणाला सांगता येत नसे. अशा माणसाला अडाणी म्हणायची कुणाची छाती होईल?

उरलेल्या कागदपत्रांमध्ये मात्र कथेकरी हमखास दुष्ट किंवा हास्यास्पद असतो. बाराव्या शतकातल्या बगदादचे इब्न अल-जौझी यांनी कथेकऱ्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, ते १९७१ साली बैरूतला इंग्रजी अनुवादासह छापलं गेलं. त्यात कूफ्याचे विद्वान शाबी यांची गोष्ट आहे. खलीफा अब्दुल मलिककडे जाताना ते तदमूर (पालमायरा) इथे शुक्रवारच्या नमाजाला थांबले. भरघोस दाढीचा एक म्हातारा लोकांना सांगत होता की अल्लाहनं दोन तुताऱ्या निर्माण केल्या आहेत, एक सगळ्यांना मूर्च्छित करणारी, दुसरी मेलेल्यांना उठवणारी. शाबींना राहवेना. नमाज लवकर आटोपून ते म्हणाले, तुतारी एकच, ती दोनदा फुंकली जाईल. म्हातारा खवळला. मला अमक्यानं तमक्याकडून ऐकून सांगितलंय, आणि तू मला खोटं पाडतोस? त्यानं पायातला जोडा काढून शाबींना बडवायला सुरुवात केली आणि लोकही तुटून पडले. अल्लाहनं तीस तुताऱ्या निर्माण केल्यात अशी शपथ शाबींनी घेतली तेव्हाच मार थांबला. दमास्कसला ही हकीकत ऐकून खलीफा हसत सुटला.

गोष्ट चटपटीत आहे, जरा जास्तच. पण त्या म्हाताऱ्याकडे सनद, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी, होती, हा तपशील निसटू देऊ नये. ‘तुला हे कुणी सांगितलं?’ हे पंडितांचं मुख्य हत्यार. कथेकऱ्यांनी ते केव्हाच उचललं होतं.

याचा कळस बगदादच्या रुसाफा मशिदीतल्या गोष्टीत आहे. अहमद इब्न हंबल (मृत्यू इ. स. ८५५) आणि याह्या इब्न मईन हे हदीसशास्त्रातले दोन दिग्गज तिथे नमाज पढले. समोर एक कथेकरी उभा राहिला आणि चक्क या दोघांच्याच नावानं, मग अब्दुर्रज्जाक, मामर, कतादा, अनस अशी बिनतोड साखळी लावून प्रेषितांपर्यंत पोचला. जो कलमा म्हणेल त्याच्या एकेका शब्दातून सोन्याच्या चोचीचा, पोवळ्याच्या पिसांचा पक्षी निर्माण होतो, असं सांगत त्यानं वीसेक पानं भरतील एवढी कथा लांबवली. दोघं एकमेकांकडे पाहू लागले. पैसे गोळा झाल्यावर याह्यांनी खूण केली. बक्षीस मिळणार म्हणून तो लगबगीनं आला. हे कुणी सांगितलं तुला? अहमद इब्न हंबल आणि याह्या इब्न मईन यांनी. अरे, मी याह्या आणि हे अहमद! कथेकरी जरासुद्धा चपापला नाही. याह्या मूर्ख आहे असं ऐकून होतो, आज खात्री पटली, म्हणाला. जगात तुमच्याशिवाय दुसरे याह्या आणि अहमद नाहीतच का? मी सतरा अहमद इब्न हंबलांकडून हदीस लिहून घेतल्या आहेत. अहमद यांनी बाही तोंडावर ओढली आणि म्हणाले, जाऊ दे त्याला.

भाकड हदीसांपासून सावध करताना पंडित ही गोष्ट हजार वर्षं सांगत आले आहेत. ती इब्न हिब्बान (मृत्यू इ. स. ९६५) यांच्या अविश्वसनीय निवेदकांवरच्या ग्रंथात आहे. चौदाव्या शतकात दमास्कसच्या जहबी यांनी अहमद यांचं चरित्र लिहिताना तीच कसोटी या गोष्टीला लावली. ही नवलाची गोष्ट सांगणारा अल-बक्री नावाचा निवेदक कोण हे मला माहीत नाही, त्यानंच ती रचली असावी अशी भीती वाटते, असं त्यांनी नोंदवलं. थापाड्यांविरुद्धची सगळ्यात लाडकी गोष्टच बहुधा थाप निघाली! जहबींचा शेरा हा मला या सगळ्या साहित्यातला सर्वांत प्रामाणिक मजकूर वाटतो. गोष्ट आपल्या बाजूची होती, तरी त्यांनी तिला सूट दिली नाही.

दप्तरी पुराव्याच्या जवळ जाणारी नोंद तबरी यांच्या इतिहासात मिळते. हिजरी २७९ (इ. स. ८९२) मध्ये बगदादेत दवंडी पिटली गेली की कथेकरी, ज्योतिषी आणि भविष्य सांगणारे यांनी रस्त्यात किंवा जामा मशिदीत बसू नये. पुस्तकविक्रेत्यांकडून वादशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं विकणार नाही अशी शपथ घेतली गेली. हिजरी २८४ मध्ये कथेकऱ्यांवर पुन्हा बंदीची नोंद आहे, म्हणजे पहिली बंदी फारशी चालली नसणार. दुसऱ्या वेळी प्रसंग उघड राजकीय होता: खलीफा मुअतजिदला सातव्या शतकातल्या मुआविया या खलीफाचा जाहीर धिक्कार वाचून दाखवायचा होता आणि त्याला जमावाची धास्ती होती. सरकारला धर्मज्ञानाची चाड किती आणि गर्दीची भीती किती, हे यावरून ताडता येतं.

ही नोंद करणाऱ्या तबरींवरच पुढे प्रसंग आला असं सांगतात. एका कथेकऱ्यानं कुराणातल्या सतराव्या सूऱ्यातल्या ७९व्या आयतीचा अर्थ सांगितला की अल्लाह प्रेषितांना आपल्याजवळ सिंहासनावर बसवील. तबरी संतापले. अल्लाहला कुणी सोबती नाही, त्याच्या सिंहासनावर कुणी शेजारी बसत नाही, अशा अर्थाच्या ओळी त्यांनी दारावर लिहिल्या. लोकांनी इतके दगड मारले की दार बुजून गेलं. तेराव्या शतकातल्या याकूत यांच्या कोशात हीच घटना वेगळी येते. तिथे भांडण अहमद इब्न हंबल यांना मानणाऱ्या हंबली पंथीयांशी आहे, दगडांबरोबर दौतीही भिरकावल्या जातात आणि कोतवालाला शिपाई घेऊन यावं लागतं.

आता तबरींचं स्वतःचं कुराणभाष्य उघडावं. त्या आयतीचा योग्य अर्थ प्रेषितांनी लोकांसाठी अल्लाहकडे करायची शिफारस हाच, असं ते म्हणतात. पण सिंहासनावर बसवण्याचा अर्थ मक्केच्या मुजाहिद या फार जुन्या भाष्यकारांचा आहे हे सांगून, तो परंपरेनं किंवा बुद्धीनं अशक्य ठरत नाही, असंही लिहून ठेवतात. कथेकऱ्यानं ते मनानं रचलं नव्हतं आणि तबरींचं लिखित मत दारावरच्या ओळींपेक्षा बरंच सौम्य होतं. तबरींचा मृत्यू इ. स. ९२३ चा. लोकांनी दिवसा दफन करू दिलं नाही, घरातच रात्री पुरलं, असं एक साधन सांगतं. दफनाला अगणित माणसं लोटली, असं दुसरं. काही ना काही वैर होतं हे मानायला हरकत नाही. पण दार बुजवणाऱ्या दगडांचा ढीग मी मानणार नाही.

पंडित आणि कथेकरी या दोन जाती वेगळ्या होत्या असंही नाही. इब्न अल-जौझी यांच्या पुस्तकात कथेकऱ्यांच्या लबाड्यांचा खजिना आहे: चेहरा निस्तेज दिसावा म्हणून लेप लावणं, हुंगताच डोळ्यांतून पाणी येईल असं काहीतरी जवळ बाळगणं, मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, रंगीत कापडं टांगणं. हे सगळं त्यांना जवळून ठाऊक होतं, कारण ते स्वतः बगदादचे सर्वांत गाजलेले प्रवचनकार होते. इ. स. ११८४ मध्ये अंदालुसियाचा प्रवासी इब्न जुबैर त्यांच्या सभेला बसला. माणसं हुंदके देत होती, शुद्ध हरपून पडत होती, पश्चात्तापानं पुढे येऊन डोक्यावरचे केस कापून घेत होती, असं तो लिहितो. बनावट हदीसांचा मोठा संग्रह करून त्यांची लक्तरं काढणारे ग्रंथकारही हेच. आणि यांच्याच प्रवचनाच्या पुस्तकांत बनावट हदीसांची रेलचेल आहे, असं पंधराव्या शतकात कैरोच्या सखावींनी दाखवून दिलं. अभ्यासिकेत गाळणी लावणाऱ्या माणसानं मिंबरावर चढताना ती खाली ठेवली होती.

सखावींचे त्याच शहरातले हाडवैरी म्हणजे जलालुद्दीन सुयूती (मृत्यू इ. स. १५०५). दोघांनी एकमेकांवर लिहिलेले मजकूर वाचवत नाहीत इतके कडवट आहेत, पण कथेकऱ्यांबाबत दोघांचं एकमत झालं असतं. कैरोतला एक कथेकरी निराधार हदीस सांगतो असं सुयूतींना कळलं. या हदीसांना आधार नाही, त्यानं त्या जाणकारांकडून तपासून घ्याव्यात, असा फतवा त्यांनी दिला. निरोप पोचताच कथेकरी भडकला. माझ्यासारख्यानं हदीस शेखांकडून तपासून घ्यायच्या? मी लोकांकडूनच तपासून घेतो, असं म्हणून त्यानं जमावाला चिथावलं. सुयूतींना ठार मारण्याच्या, दगडांनी ठेचण्याच्या धमक्या येऊ लागल्या. त्यांनी दुसरा फतवा काढला: हा माणूस पुन्हा असं बोलला तर त्याला चाबकानं फोडावं. मग कथेकऱ्यांच्या थापांविरुद्ध त्यांनी एक पुस्तकच लिहिलं. तबरींचं दार दगडांनी बुजल्याची गोष्ट, दगडांचा ढीग दारापेक्षा उंच गेल्याच्या तपशिलासकट, येते ती याच पुस्तकात, घटनेनंतर सुमारे सहाशे वर्षांनी.